कळेपर्यंत सुतक नाही

त्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी सासूबाईंनी घरात एक नियम केला. गावाकडून फोन आला तर मी तो उचलायचा नाही आणि माझ्या नवऱ्यानेही उचलायचा नाही. नवऱ्याला त्यांनी भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनसुद्धा बाहेर पडायला लावलं. तो म्हणाला, "आई, म्यूट करतो ना." त्या म्हणाल्या, "म्यूट केलंस तरी तू बघणार. तुला मी ओळखते. बाहेर पड."

गावी नवऱ्याचे काका अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ सगळ्यांनाच कळतो. आज जातील की उद्या, एवढाच प्रश्न होता. आणि हे आज-उद्या म्हणजे नेमके माझे वर्षाच्या कमाईचे दिवस.

मी तेव्हा लोकांसाठी नैवेद्य बनवायचे. चतुर्थीला उकडीचे मोदक, गौरींना पुरणपोळीचं पूर्ण ताट, एरवी सत्यनारायणाचा प्रसाद, कोणाच्या मुंजीचं, डोहाळजेवणाचं काही. ठाण्यात कोलशेतच्या नव्या टॉवरांत आणि माजिवड्याच्या सोसायट्यांत अशी पुष्कळ घरं आहेत जिथे गणपती हौसेने येतो, मखर ऑनलाइन येतं, आणि उकड काढायला मात्र कोणाला येत नाही, किंवा येत असलं तरी वेळ नसतो. त्या घरांचा देव माझ्या हातचं जेवायचा. आता ज्या घरात सुतक आहे तिथला नैवेद्य देवाला चालत नाही, हे त्या टॉवरांतल्या लोकांनाही पक्कं माहीत असतं. काका गेले की आम्हाला दहा दिवस सुतक. सख्खे चुलत सासरे, त्यामुळे पळवाट नाही.

पण शास्त्रात एक सोय आहे आणि ती सासूबाईंना पाठ होती. सुतक माणूस गेल्या दिवसापासून मोजतात, पण लागतं ते कळल्यावर. पाच दिवसांनी कळलं तर उरलेले पाच पाळायचे. तोवर केलेल्याला दोष नाही. म्हणून तो फोनचा नियम.

मी नोकरी सोडली तेव्हा सगळ्यांची मला भीती घालून झाली होती. भावाने पीएफचं विचारलं. शेजारच्या काकूंनी मेडिक्लेमचं विचारलं. ऑफिसातल्या मैत्रिणीने, "तुझं डोकं फिरलंय का?" एवढंच विचारलं. माजिवड्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी अकाउंट्समध्ये होते. पगार बरा होता, खुर्ची बरी होती, आणि रोज संध्याकाळी घरी येताना मला असं वाटायचं की आजचा दिवस मी कोणाला तरी उसना दिला आणि तो परत मिळणार नाही. तरी नवऱ्याच्या काकांचा श्वास एक दिवस माझ्या धंद्याच्या हिशेबात येऊन बसेल, असं त्या भीती घालणाऱ्यांपैकी कोणी सांगितलं नव्हतं.

धंद्यातलं सुख मी नाकारणार नाही. मंगळवारी दुपारी दोन तास झोपायचं सुख ज्याने घेतलंय त्यालाच कळेल. एका बाईंनी फोनवर, "तुमच्यासारख्या पन्नास मिळतात" असं सुनावलं तेव्हा मी म्हटलं, "मग पन्नासांतली दुसरी बघा" आणि फोन ठेवला. नोकरीत असताना हे वाक्य मी कितीदा तोंडातल्या तोंडात म्हटलं होतं. त्या दिवशी मी घरभर गाणं गुणगुणत फिरले, आणि रात्री त्या ऑर्डरचे पैसे आठवून मला झोप लागली नाही. दोन्ही खरं आहे.

बाकी सगळं ओढाताणीचं. श्रावणात हात पुरत नसत आणि पौषात फोन वाजत नसे. आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमध्येच तळमजल्यावरचा एक छोटा ब्लॉक मी भाड्याने घेतला होता, तिथे मोठं मोदकपात्र, दोन शेगड्या, खोबरं काढायचं मशीन. त्यासाठी बँकेत गेले तर साहेबांनी सॅलरी स्लिप मागितली. नाही म्हटल्यावर त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "मग मिस्टर काय करतात?" मी तिथून उठले आणि शेवटी बांगड्या गहाण ठेवून कर्ज घेतलं. त्या बांगड्या अजून तिथेच होत्या. दोन वर्षं त्यांचं व्याज भरून झालं होतं आणि नवऱ्याच्या पगारातून हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीची कॉलेजची फी गेली की महिन्याच्या वीस तारखेनंतर आम्ही दोघं एकमेकांशी जरा जपून बोलायचो.

त्यातच जुन्या ऑफिसने परत बोलावलं. ऑक्टोबरपासून या, जागा रिकामी आहे. मी नवऱ्याशी बोलून ठरवलं की या गौरी-गणपतीचा निकाल बघायचा. चतुर्थीचे आणि गौरीचे मिळून पैसे आले तर बांगड्या सुटतात, धंदा पुढे चालतो. नाही आले तर माजिवडा. चतुर्थीच्या मोदकांपेक्षा गौरीच्या ताटांत पैसे जास्त होते आणि त्या ऑर्डरींचे अॅडव्हान्स मी घेतलेले होते. हरभऱ्याची डाळ, गूळ, तूप, सगळं येऊन पडलं होतं. म्हणजे माझ्या सगळ्या भवितव्यासाठी काकांनी आणखी आठ-दहा दिवस काढणं आवश्यक होतं. एखाद्या माणसाच्या बाबतीत असा हिशेब करावा लागणं ही फार घाणेरडी गोष्ट आहे. मी तो करत होते.

हे काका कोणी लांबचे असते तरी बरं होतं. सासरे तरुणपणी गेले. सासूबाई पदरात लहान मुलगा घेऊन डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत राहत होत्या तेव्हा या दिराने त्यांना सांभाळलं. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, मुलाच्या शाळेची फी, सगळं तिकडून यायचं, आणि वहिनींना कमीपणा वाटू नये म्हणून ते सोबत चिठ्ठी द्यायचे की बागेतला तुमचा वाटा पाठवतो आहे. बागेत सासऱ्यांचा असा काही वाटा उरलेला नव्हता, हे सासूबाईंना माहीत होतं. मी नोकरी सोडल्याचं कळल्यावर मला एकट्या काकांनी कामाचा प्रश्न विचारला होता. "सीझनला नारळ किती लागतील?" मी आकडा सांगितला. त्या वर्षीपासून गणपतीच्या आधी गावाहून येणाऱ्या टेम्पोतून त्यांचे नारळ यायचे, सोललेले, शेंडी ठेवलेले. पैसे विकल्यावर द्यायचे. यंदाही आले होते. अंथरुणावरून मुलाला सांगून त्यांनी पाठवले होते.

नियमाच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्याचा बांध फुटला. "अगं, तिकडे माझा काका मरतोय आणि मी इथे फोन सायलेंटवर टाकून बसलोय. मला नाही जमत हे."

"मग जा ना. मी अडवलंय का तुला?"

"आणि चतुर्थीची डिलिव्हरी कोण करणार?"

दुपारच्या आरतीच्या आत मोदक पोचवायचे तर भरवशाचा माणूस लागतो. माजिवड्याच्या पुलाखाली गाडी अडकली की कोणत्या गल्लीतून काढायची हे नवऱ्याला माहीत होतं, भाड्याच्या ड्रायव्हरला नसतं. तोही हे जाणून होता, म्हणूनच चिडला होता. शेवटी त्याने नियम होण्याआधीच्या फोनवरचं काकांचं बोलणं मला पुन्हा ऐकवलं. काका दम घेत घेत म्हणाले होते, "सण पार पाडा. मग या." तो ते वाक्य स्वतःलाच सांगत होता. त्यानंतर तो दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

चतुर्थीला आम्ही पहाटेच तळमजल्यावर उतरलो. मी, सासूबाई आणि मदतीला येणारी ताई. ही ताई ठाकुर्लीच्या जुन्या गावठाणातली, आगरी, हाताला चलाख आणि तोंडाला त्याहून. मी उकड काढून मळत होते, ताई पाऱ्या करत होती, आणि कळ्या पाडायचं काम सासूबाईंकडे. धंद्याबद्दल त्यांचं मत कधीच चांगलं नव्हतं. शिकलेल्या सुनेने लोकांच्या घरचा स्वयंपाक करावा, हे त्यांना पटत नसे. पण मोदकाच्या कळ्या दुसऱ्या कोणी पाडलेल्या त्यांना त्याहून पटत नसत. त्यांच्या मोदकाच्या कळ्या मोजून घ्याव्यात इतक्या सारख्या. गिऱ्हाईकं फोटो काढून लावायची ते त्यांचेच मोदक.

आमच्याकडे गणपती नसतो, तो गावी मूळ घरी. यंदा काकांच्या आजारपणामुळे तिकडेही आणणार नव्हते. त्यामुळे घरात पूजेची गडबड नव्हती, फक्त काम होतं. पहिली खेप घेऊन नवरा कोलशेतला गेला. दुसऱ्या खेपेचे मोदक वाफेवर होते आणि तिसऱ्याची तयारी चालली होती, तेव्हा सासूबाईंचा फोन वाजला.

त्यांच्या फोनला नियम लागू नव्हता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. त्यांनी हातातला मोदक अर्धाच खाली ठेवला, हात पुसला, स्क्रीनकडे बघितलं आणि उठून बाहेर जिन्यापाशी गेल्या. बोलणं फार झालं नाही. बहुतेक ऐकणंच झालं. मी उकडीला पाण्याचा हात लावत होते आणि माझे कान बाहेर होते. "बरं," असं त्या दोनदा म्हणाल्या. मग, "नाही, इकडे नको सांगूस. मी बघते."

त्या आत आल्या, पण आपल्या पाटावर बसल्या नाहीत. दाराजवळ एक स्टूल होतं, त्यावर बसल्या. मी विचारलं, "कोणाचा होता?"

"मैत्रिणीचा," त्या म्हणाल्या. "जुन्या बिल्डिंगमधल्या. तुम्ही करा. माझा मनगटाचा सांधा धरलाय जरा."

त्यांना मनगटाचं दुखणं कधीच नव्हतं. ताईने माझ्याकडे बघितलं. "आईंना काय झाला? मगाशी तर बऱ्या होत्या." मी म्हटलं, "वय झालं." ताईने चहा केला. सासूबाईंना कपबशीशिवाय चहा जात नाही, कागदी कपाची त्यांना किळस येते. त्या दिवशी त्या आपण होऊन म्हणाल्या, "मला त्या कागदी कपातच दे." चहा पिऊन कप त्यांनी मुठीत चुरगळला आणि बाहेरच्या डब्यात स्वतः टाकून आल्या. येताना कशालाही हात लागू न देता, साडीचा काठ आवरून, पुन्हा स्टुलावर.

मला कळलं होतं का? कळलं होतं. चहाच्या कपावरूनच कळलं. पण कळणं म्हणजे कोणीतरी तोंडाने सांगणं, असं मी त्या सकाळी मनाशी पक्कं करून टाकलं आणि त्यांचा पाट माझ्याकडे ओढला. त्यांनी अर्धा सोडलेला मोदक मी उचलून बाजूला ठेवला. माझ्या कळ्या जाड येतात. मी भराभर पाडत राहिले. त्यांच्याकडे बघितलं तर प्रश्न तोंडातून निघेल म्हणून बघायचं टाळत होते, आणि मला त्यांचा इतका राग येत होता की विचारू नका. आपण एकट्याने सगळं पोटात घेऊन बसायचं आणि मला बसल्या जागी लाभार्थी करून टाकायचं, हे कोणी सांगितलं होतं त्यांना?

दुपारी एकच्या आत सगळे मोदक पोचले. नवरा शेवटची खेप टाकून आला तेव्हा घामाने चिंब झाला होता आणि खुशीत होता. "कोलशेतच्या बाई म्हणाल्या, गौरीच्या ताटात एक जास्तीची पोळी द्या, जावई येतोय," तो म्हणाला. त्याने आईला विचारलं, "जेवलीस का?" त्या म्हणाल्या, "जेवते मग." तो आंघोळ करून आडवा झाला आणि झोपला. त्याला काहीच दिसलं नाही. पुरुषांना असल्या गोष्टी दिसत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी त्याला बघायचंही नसावं.

वर घरी आल्यावर सासूबाई बाल्कनीतल्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मी ताट वाढून नेलं. "भूक नाही," म्हणाल्या. तासाभराने गेले तर ताट तसंच. त्या समोरच्या बिल्डिंगकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे कोरडे ठणठणीत होते. खाली मंडळाच्या मांडवात ढोल वाजत होता. मी दारात उभी राहिले आणि मला पहिल्यांदा समजलं की त्या रडणं थोपवून बसल्या आहेत. रडल्या की आम्हाला कळणार. आम्हाला कळलं की सुतक लागणार. गौरी जेवायला अजून तीन दिवस होते. ज्या माणसाने त्यांना आयुष्यभर आपल्या वाट्याचं असल्यासारखं सांभाळलं, त्याच्यासाठी रडायला त्या माझी ऑर्डर पूर्ण व्हायची वाट बघणार होत्या.

मी आत स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. खाली ब्लॉकमध्ये डाळीची पोती होती. बांगड्या होत्या, म्हणजे नव्हत्या. विचारलं नाही तर तीन दिवसांनी सगळं सुटत होतं. त्या तीन दिवस तशाच बसल्या असत्या, मला त्यांच्याबद्दल खात्री होती. नंतर त्यांनी सांगितलं असतं, उरलेले दिवस आम्ही पाळले असते, आणि शास्त्राप्रमाणे कोणाचंच काही चुकलं नसतं. त्यांनी हे माझ्यासाठी आपण होऊन केलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. मला गप्प बसायचंही होतं. मी पाणी प्यायले, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

मग बाल्कनीत जाऊन त्यांच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, "आई, काका गेले ना?"

त्यांनी माझ्याकडे इतक्या रागाने बघितलं की मी मागे सरकले. "का विचारलंस?" त्या म्हणाल्या. "तीन दिवस. तीन दिवस मला आले असते काढता. का विचारलंस तू?"

"मला बघवेना."

"तुला कोणी बघायला सांगितलं होतं?" असं म्हणता म्हणताच त्यांचा आवाज फाटला आणि त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या. नवरा झोपेतून उठून धावत आला. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो आईच्या पायाशी बसला आणि आम्ही तिघंही रडलो. माझ्या रडण्यातलं किती काकांसाठी होतं आणि किती खालच्या डाळीसाठी, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

काका सकाळीच गेले होते आणि दुपारी सगळं उरकलंही होतं. संध्याकाळी नवरा डोंबिवलीच्या एका चुलतभावाच्या गाडीतून गावी गेला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "जे पाळत नाहीत त्यांची ताटं तरी कर. विचारून बघ." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी एकेकाला फोन लावत बसले. आमच्याकडे सुतक आलंय, गौरीचं ताट मला करता येणार नाही, पैसे आजच परत पाठवते. चतुर्थीच्या मोदकांचंही मी सांगितलं, की ते केले तेव्हा आम्हाला कळलेलं नव्हतं. हे शास्त्राप्रमाणे खरं होतं. ते म्हणताना माझी जीभ अडखळत होती.

लोक वाईट वागले नाहीत. बहुतेकांनी, "अरेरे, वय काय होतं?" विचारलं आणि पुढच्या मिनिटाला दुसरं कोणी ओळखीचं आहे का तेही विचारलं. माजिवड्याचा एक तरुण म्हणाला, "ताई, आम्ही नाय मानत असलं काही. तुम्ही बिनधास्त पाठवा." असे आणखी पाच-सहा निघाले. कोलशेतच्या बाई मात्र, ज्यांचा जावई येणार होता, एकदम हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "मला हे सांगितलंत कशाला?"

"न सांगून कसं चालेल?"

"अहो, चाललं असतं. मला माहीत नसतं तर माझ्या गौरी जेवल्या असत्या. आता मला कळलं. आता तुम्ही म्हणालात तरी मी घेऊ शकत नाही. दोन दिवसांत मी कोणाला शोधू?" त्यांना खरोखर रडू येत होतं. मी त्यांची माफी मागितली. काल सासूबाईंनीही मला अगदी हेच ऐकवलं होतं, आणि दोघींचंही चुकत नव्हतं.

जे पाळत नव्हते त्यांची ताटं करता आली असती. स्वतःपुरतं मी सुतक मानते की नाही, हे मला अजून धड माहीत नाही. पण बाल्कनीत सासूबाई बसलेल्या होत्या, मध्येच काकांचं काहीतरी आठवून सांगत होत्या आणि पुन्हा रडत होत्या, आणि मला खाली जाऊन पुरण वाटायचं नव्हतं. मला त्यांच्याजवळ बसायचं होतं. धंदा सुरू केल्यापासून मी मनात आलं म्हणून काम बंद ठेवलं असं कधीच झालं नव्हतं. ताप असताना मी अनारसे तळलेत. त्या दिवशी मी त्या माजिवड्याच्या तरुणालाही नाही म्हणून सांगितलं. "आर यू शुअर?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला भीती वाटली, आणि हलकंही वाटलं.

सगळ्यांचे पैसे मी परत केले. डाळ वाण्याने निम्म्या भावात परत घेतली आणि उपकार केल्यासारखा चेहरा केला. तूप घरात संपलं. बांगड्यांचं व्याज भरायची तारीख आली तेव्हा ते नवऱ्याच्या पगारातून भरलं, आणि त्याने ब्र काढला नाही. त्याने काहीतरी बोलायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

सप्टेंबर संपता संपता मी माजिवड्याला गेले. ऑफिस तेच, खुर्च्या नव्या. एचआरमध्ये माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी अशी एक मुलगी होती. फार गोड वागली. पगार, वेळा, मेडिक्लेम, सगळं तिने नीट समजावून दिलं. सुट्ट्यांचं सांगताना म्हणाली, "आणि मॅडम, घरात कोणी एक्स्पायर झालं तर वेगळी तीन दिवसांची लीव्ह आहे. आई-वडील, मिस्टर, मुलं. आता सासू-सासरेही धरलेत."

मी विचारलं, "नवऱ्याचे काका गेले तर?"

ती जरा गोंधळली. "नाही मॅडम, ते बसत नाहीत त्यात. साधी लीव्ह टाकायची मग. फक्त ती अगोदर अप्लाय करावी लागते."

मी बरं म्हटलं आणि सही केली. परत येताना तळमजल्यावरच्या ब्लॉकच्या मालकाला जागा सोडत असल्याचं सांगितलं. ताईला सांगायला मात्र माझी हिंमत झाली नाही, ते मी दुसऱ्या दिवसावर ढकललं.

घरी सासूबाई कालनिर्णय बघत बसल्या होत्या. मी नोकरी घेतल्याचं सांगितलं. इतकी वर्षं त्यांना हेच हवं होतं, पण त्या खूश झालेल्या दिसल्या नाहीत. नुसतं "घेतलीस?" म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "पुढच्या चतुर्थीला भाऊजींचं वर्षश्राद्ध येईल. आपण सगळ्यांनी गावी जायला हवं. निदान चार दिवस तरी. तू सुट्टी घेशील ना?"

"विचारावं लागेल," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा परत लावला आणि माझ्याकडे बघितलं. "कोणाला?"